काळ्या टेकड्यांचा मुलूख

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की तासाभरात मनसर येते. रामटेकचे यात्रेकरू येथून उजवीकडे वळतात. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे अनेक विद्वानांचे मत आहे. मेघदूतातला यक्ष डोंगरातल्या धातूच्या रंगाने शिळेवर प्रियेचे चित्र काढतो. मला मात्र याच टेकड्यांतल्या दुसऱ्या एका धातूचे वेड होते. म्हणून गाडीतले सगळे प्रवासी गडाकडे पाहत असताना मी एकटा रस्त्याकडेच्या काळ्या ढिगांकडे पाहत होतो. हे ढीग मँगनीजच्या खाणींचे.

मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव ही नागपूर जिल्ह्यातली गावे. पूर्वेला भंडाऱ्यातले चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. पुढे मध्य प्रदेशात तिरोडी, बालाघाट. सुमारे दोनशे किलोमीटरांची ही कमान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथला काळा दगड रेल्वेने बंदरावर आणि तेथून बोटीने विलायतेला जाऊ लागला. पोलादाला मँगनीज लागतेच. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ साली बारा-तेरा टक्के मँगनीज घालून असे पोलाद केले, की ते घाव खाऊन आणखी कठीण होते. रुळांचे सांधे त्याचेच करतात. आपण मात्र दगड विकत होतो. १९६२ साली केंद्र सरकारने आणि दोन्ही राज्यांनी मिळून येथल्या विलायती कंपनीत एकावन्न टक्के भाग घेतला, तेव्हा कोठे या डोंगरांचा कारभार घरी आला.

हा दगड येथे आला कसा, हे कोडे सोडवले भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या लुईस ली फर्मर या तरुण अधिकाऱ्याने. त्याने हा मुलूख पायाखाली घातला आणि १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : येथे फार प्राचीन काळी पाणी होते. त्याच्या तळाशी वाळू, चिखल आणि मँगनीज यांचे थर बसले. पुढे भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने ते थर भाजून, चेपून निघाले. शुद्ध मँगनीजच्या थराचे कसदार खनिज झाले. वाळू आणि चिखल मिसळलेल्या थरातून मात्र गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांचा एक कठीण खडक बनला.

नव्या दगडाला नाव देणे हा शोधकाचा मान. फर्मरने एका खनिजाला आपले वरिष्ठ हॉलंडसाहेब यांचे नाव दिले, ते हॉलंडाइट. बेलडोंगरीच्या एका खनिजाला सहकारी व्रेडेनबर्ग यांचे. पण या गार्नेटच्या खडकाला त्याने येथल्या मूळ रहिवाशांचे, गोंडांचे नाव दिले. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आज तो ‘गोंडाइट’ म्हणूनच ओळखला जातो.

मनसरजवळच्या एका वस्तीत माझा मुक्काम एका गोंड कुटुंबात होता. घरातला मुलगा नागपूरला भूशास्त्र शिकत होता. त्याची आजी ऐंशीच्या घरातली. तरुणपणी ती खाणीवर दगड निवडायला जाई. हातोडीने फोडायचा, हातात तोलायचा, चांगला तो टोपल्यात, हलका तो बाजूला. “डोळे मिटले तरी सांगत होतो भाऊ, वजनच बोलते,” ती म्हणाली.

नातवाने ढिगाऱ्यातून आणलेला एक दगड तिच्या हाती दिला. वरून काळा, फोडलेल्या बाजूला केशरी-तपकिरी, साखरेसारखा दाणेदार. आजीने तो तोलला आणि हसली.

“हा तं आम्ही फेकून देत होतो!”

“आजी, याचंच नाव गोंडाइट,” नातू म्हणाला. “आपल्या नावाचा दगड.”

आजी क्षणभर गप्प राहिली. “आमचं नाव, अन् फेकाच्या गोट्याले?”

आम्ही दोघेही निरुत्तर झालो. साहेबांची नावे खनिजांना मिळाली, गोंडांचे नाव ढिगाऱ्यात गेले. फर्मरच्या मनात अवहेलना नसावी. त्याला हा खडक मोलाचा होता, कारण मँगनीजची सारी जन्मकथा त्यातच लिहिलेली होती. पण ती गोष्ट या अंगणात यायला शंभरावर वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर मी डोंगरी बुजुर्गला गेलो. तेथली खाण उघडी आहे. पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत गेलेली. हवापाण्याने झिजून येथल्या वरच्या थरात मँगनीज डायऑक्साइड तयार झाले आहे. विजेरीच्या कोरड्या घटात घालतात ती काळी पूड हीच. येथे विजेच्या साह्याने अतिशुद्ध डायऑक्साइड करण्याचा कारखानाही उभा आहे. १९८३ साली थॅकरे आणि गुडइनफ यांनी लिथियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचा विद्युतघटासाठी उपयोग दाखवला, तेव्हापासून या पुडीचे मोल निराळेच झाले. आणि त्या हॉलंडाइटच्या स्फटिकात जे बोगदे असतात, त्यांत अणुभट्टीच्या कचऱ्यातले सीझियम कोंडून ठेवता येते, हे ऑस्ट्रेलियातल्या रिंगवुड यांच्या संशोधनातून पुढे आले. पुन्हा, पूर्वी टाकून दिलेल्या ढिगांतूनही आता यंत्राने कस काढतात. दगड तोच; त्याच्याविषयीचे ज्ञान वाढले, की टाकाऊचे टिकाऊ होते.

परतताना मी नातवाला विचारले, “पुढं काय करणार?”

“हे जुने ढीग मोजायचे आहेत,” तो म्हणाला. “कोणत्यात किती कस उरला आहे, ते शोधायचं. आजीला सोबत नेतो. प्रयोगशाळेआधी तिचा हात सांगतो.”

वाचकहो, रामटेकला जाल तेव्हा गडावर अवश्य जा. पण मनसरच्या फाट्यावर मिनिटभर थांबा आणि त्या काळ्या ढिगांकडेही पाहा. त्यांतल्या एखाद्या दगडावर या मुलुखाच्या धन्यांचे नाव आहे, आणि ते वाचणारा आता त्यांच्याच घरात तयार होतो आहे.