बुवांचं ताट

जे हलत नाही ते अन्न नव्हे, हा बुवांचा सिद्धान्त. समोर पानं बारीक चिरून ठेवा, वाटीत अळ्या ठेवा. ते फांदीवर हनुवटी टेकून आपल्याकडे असे पाहतात, जणू आपणच काही मागायला त्यांच्या दारात उभे आहोत. मग एखादी अळी वाटीच्या काठावरून वळवळत खाली पडते. मान किंचित कलते, एक डोळा खाली रोखला जातो. अंग पुढे झुकतं, जाड गुलाबी जिभेचं चिकट टोक बाहेर येतं आणि अळी गायब. दोन-तीनदा चावणं, डोळे मिटून गिळणं, आणि पुन्हा तोच चेहरा: पुढे काय?

बुवा म्हणजे आमच्या धाकट्याचा बिअर्डेड ड्रॅगन. सरड्याच्याच कुळातला, वीतभर अंगाचा आणि तेवढ्याच शेपटीचा. हनुवटीखालच्या काटेरी दाढीवरून आईनं नाव ठेवलं. रागावले की ती दाढी फुगते आणि कोळशासारखी काळी पडते. सिडनीच्या आमच्या मराठी घरात खरे इथले असे ते एकटेच. त्यांचं गोत पूर्व ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातलं. कुंपणाच्या खांबावर बसून ऊन खाणारं. एर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं 1926 साली या जातीची शास्त्रीय नोंद केली. हल्ली जर्मनीत, अमेरिकेत घरोघर हे प्राणी दिसतात, पण ती सगळी पिंजऱ्यात जन्मलेली प्रजा. ऑस्ट्रेलिया आपले रानटी सरडे विकायला बाहेर जाऊ देत नाही. इथे न्यू साउथ वेल्समध्येसुद्धा ते पाळायचे तर सरकारी परवाना काढावा लागतो. परवाना मिळतो चटकन. जेवण जमायला मात्र वेळ लागतो.

सुरुवात रातकिड्यांपासून होते. दुकानात भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे रांगेनं मांडलेले असतात. आत अंड्यांच्या ट्रेचे तुकडे आणि त्यांच्या खाचाखोचांत लहान, मध्यम, मोठे असे मापाप्रमाणे रातकिडे. माप सरड्याच्या तोंडावरून ठरतं: दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा रुंद नको. मोठ्या मापाच्या डब्यात वयात आलेले नर असतात आणि ते रात्रभर गातात. गावाकडे पावसाळ्यात जे संगीत फुकट मिळतं त्याचे इथे डॉलर मोजायचे. त्यात हे किडे उड्या मारतात, पटापट मरतात, डब्याला वास सुटतो, आणि न खाल्लेला एखादा मागे राहिला तर रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावे घेतो. बुवांनी पहिल्या हिवाळ्यातच रातकिड्यांवर बहिष्कार टाकला. मला वाईट वाटलं नाही.

मग झुरळं. अमेरिकेत डुबिया नावाची जाडजूड झुरळं यासाठी फार चालतात. ऑस्ट्रेलियात त्यांना बंदी आहे, म्हणून इथे ‘वुडी’: राखाडी, ठिपकेदार, पिल्लांना थेट जन्म देणारी आणि काचेवर सरसर चढणारी. डब्याच्या आतल्या कडेला वॅसलीनचा जाड पट्टा ओढावा लागतो. आईनं तो डबा पाहिला आणि पाय वर घेऊन बसली. “अगं, झुरळं मारण्यात माझा जन्म गेला. आता त्यांना गाजर किसून घालायचं?” घालायचं. किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी बुवांच्या पोटात जातं. म्हणून आदल्या दिवशी त्यांना गाजर, रताळं, हिरवा पाला भरपूर चारायचा. चौथ्या दिवशी आई गाजर किसत होती. वर “पाणी सुटलंय, पिळून घाल” असं मलाच सांगत होती.

बुवांना वुडी आवडल्या, कारण त्या पळतात. इथे माझं आणि त्यांचं गणित वेगळं पडतं. ते हालचाल निवडतात, मी हाडं. रातकिडा काय, झुरळ काय, पीठकिड्याची अळी काय, सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. नुसत्या त्यांच्यावर वाढलेल्या सरड्याचा जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात. त्यामुळे किडे पिशवीत टाकून कॅल्शियमची पावडर भुरभुरायची आणि पिशवी हलवायची. वर अतिनील किरणांचा दिवा हवाच. त्याशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि पावडर वाया जाते. ऊन खायची जागाही चाळीस अंशांच्या आसपास तापलेली लागते. ती गार असेल तर अन्न पचत नाही, आणि पचत नसेल तर ते खात नाहीत. ‘नखरेल’ म्हणून बदनाम झालेल्या निम्म्या सरड्यांचं दुखणं वाटीत नसून बल्बमध्ये असतं, असं माझं मत झालं आहे.

उरलेल्या निम्म्यांचं दुखणं मेणअळी. मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणारी ही पांढरी, गुबगुबीत अळी चरबीनं ठासून भरलेली असते. ती पेढ्यासारखी: कधीमधी एखादी ठीक, पण रोज मिळू लागली की भाजी-भाकरी कोण खातो? धाकट्यानं वाढदिवसाच्या आठवड्यात (बुवांच्या, अर्थात) सढळ हातानं मेणअळ्या घातल्या. पुढे कितीतरी दिवस वुडी बुवांच्या नाकासमोरून फेऱ्या मारत होत्या आणि बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

शेजारच्या बाईंनी सुचवलं, बागेतले किडे धरून घाला की. मोह होतो. पण बागेतल्या किड्यानं कुणाची फवारणी खाल्ली आहे हे कसं कळणार? शिवाय काही किडे मुळातच विषारी. उत्तर अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगात भेकाच्या विषासारखं द्रव्य असतं, आणि तिथे पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन काजवा खाऊन मेल्याच्या नोंदी आहेत. भंडारदऱ्याच्या झाडांवर ज्याला पाहायला आपण रात्रभर गाडी हाकतो त्याचेच हे भाऊबंद.

आई आषाढात आली होती. तेव्हा इथे कडक थंडी. दिवस लहान झाला की बुवा दिवा चालू असतानाही कोपऱ्यात जाऊन पडून राहतात. त्यांच्या डोक्यावर मधोमध खवल्यांत दडलेला, नुसता उजेड जाणणारा तिसरा डोळा आहे; ऋतू पालटल्याचं बहुधा त्यालाच कळत असावं. आषाढी एकादशीला त्यांनी काही खाल्लं नाही. द्वादशीलाही नाही. आईच्या मते हा बुवांच्या नावाचा प्रताप. वजन टिकून होतं, म्हणून मीही आग्रह सोडला.

सप्टेंबरात तुतीला पालवी फुटली आणि इथल्या शाळकरी पोरांच्या खोक्यांत रेशमाच्या अळ्या दिसू लागल्या. धाकट्यानं काही आणल्या. आईचा चेहराच बदलला. तिचं माहेर जालन्याकडचं. भावाच्या शेतात तुती आहे, शेडमध्ये अळ्यांचे रॅक आहेत, कोष विणायला चंद्रिका आहेत. ओली पानं घालू नका, हात धुऊन घ्या, कात टाकताना त्यांना हलवू नका, अशा सूचना सुरू झाल्या. खरं तर रेशमाची अळी म्हणजे सरड्यासाठी उत्तम आहार: मऊ, चरबी कमी, प्रथिनं भरपूर. पण आईनं तळहातावर घेतलेली एक लठ्ठ अळी बुवांनी जिभेनं उचलली, तेव्हा ती उठून आत गेली. ज्या किड्यावर भावाचं घर चालतं तो असा जाताना तिला बघवेना. उरलेल्या अळ्यांनी कोष केले.

रानात बुवांचे भाईबंद काय खातात? संशोधकांनी काहींच्या पोटातलं अन्न तपासलं, तेव्हा किड्यांत मुख्य भरणा निघाला तो पंखवाल्या वाळवीचा. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे ट्यूबलाइटभोवती जमतात आणि सकाळी ज्यांच्या पंखांचा केर काढावा लागतो, त्याच जातकुळीची. एका संध्याकाळी हजारोंनी उडणारं अन्न! ज्याच्या पूर्वजांनी अशी पंगत झोडली, त्याला वाटीतल्या सुस्त अळीचं काय कौतुक?

हे कळल्यावर मला काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. तपकिरी, शेंगेसारख्या या अळ्यांत फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त. पावडर लावायची गरजच नाही. कागदावर सर्वोत्तम. पण त्या जागच्या जागी डुलतात, आणि बुवा त्यांना ओलांडून जातात. उडणारं अन्न हवं ना, म्हणून मी डबा तसाच ठेवून दिला. अळ्या काळ्या पडल्या, टणक झाल्या, आणि काही दिवसांनी काचेच्या घरात लांब, काळ्या माश्या घोंघावू लागल्या. बुवा उठले. फांदीवरून खाली, खालून दगडावर, मागच्या पायांवर उभे राहून त्यांनी एकेक माशी टिपली. धाकटा टाळ्या पिटत होता. अडचण एवढीच, की कॅल्शियम अळीच्या कातडीत असतं, आणि माशी बाहेर पडताना ती कातडी कोशाच्या टरफलासकट मागे टाकून येते. डब्याच्या तळाशी ती टरफलं मूठभर जमली होती. मी पावडरची बाटली पुन्हा फडताळातून खाली काढली.