घुग्घुसमध्ये मर्सिडीज?

पुण्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये मर्सिडीज दिसली तर आपण फार तर एकदा वळून बघतो आणि लिफ्टचं बटण दाबतो. घुग्घुसमध्ये दिसली तर? चहाच्या टपरीवर आठवडाभराचा विषय! म्हणून माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, फोनवर म्हणाला, "मर्सिडीज पाहून राहिलो, येतेस का?" तेव्हा मी लगेच नागपूरचं तिकीट काढलं. अशी स्टोरी सोडतं का कुणी?

आधी गावाची ओळख. नागपूरहून चंद्रपूरकडे निघालं की वरोरा, भद्रावती मागे पडतं आणि पडोलीच्या फाट्यावरून रस्ता घुग्घुसकडे वळतो. तिथून पुढे तुमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक. वेकोलिच्या खाणींचा कोळसा, एसीसीचं सिमेंट, लॉइड्सच्या स्पंज आयर्न प्लांटचा माल. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात त्याच धुळीचा काळा चिखल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी कुठल्या रंगाचा होतो, हे वहिनीला विचारा.

या रस्त्यावर दादाचे चार टिप्पर धावतात. वीस वर्षं त्यानं कोळसा वाहिलाय आणि स्वतः बोलेरोतून फिरलाय. आता त्याच्यासमोर दोन ब्रोशर आहेत: एक सी-क्लासचं, एक इनोव्हा हायक्रॉसचं.

हिशोब मी मांडला (जर्नालिझमवाल्यांना गणित येत नाही, हा गैरसमज आहे). सी-क्लास रस्त्यावर येईपर्यंत 65 लाखांच्या आसपास जाते, टॉपची हायक्रॉस 35 च्या आसपास. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि दोघींनाही सारखाच 40 टक्के जीएसटी लागतो. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 13 टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर 20! म्हणजे उरलेला फरक 30 लाख. तेवढेच 30 लाख 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी उचलले, तर महिन्याचा हप्ता 48 हजारांच्या वर जातो. हा नुसता फरकाचा हप्ता, पूर्ण गाडीचा नाही. आपल्यापैकी अनेकांचा पगार तेवढा नाही, बॉस.

या 30 लाखांत मिळतं काय? नागपुरात टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि खरं सांगते, पहिल्या पाच मिनिटांत मी दादाच्या बाजूनं झाले. दार बंद झालं आणि वर्धा रोडचा सगळा गोंगाट बाहेरच राहिला. दादा काही बोलला नाही. टिप्परच्या केबिनमध्ये ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला ती शांतता काय वाटली असेल, याचा अंदाज मी एसी ऑफिसात बसून करणार नाही. मे महिन्यात जिथे पारा 45 च्या वर जातो, तिथे थंडगार, धूळ न शिरणारी केबिन ही चैन म्हणायची का, हाही प्रश्नच आहे. पण थंडगार तर हायक्रॉसही करते! सेफ्टीचंही तसंच. एके काळी एअरबॅग्ज म्हणजे श्रीमंतांचं काम होतं. 2018 मध्ये टाटा नेक्सॉननं ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळवले आणि ते गणितच बदललं. आता सुरक्षिततेसाठी तारा असलेलाच लोगो लागतो असं नाही.

आणि तोट्याची बाजू? सर्व्हिसिंगला नागपूर. जाऊन-येऊन 300 किलोमीटर. रुंद, चपटे टायर आणि घुग्घुसचे खड्डे यांचं जमत नाही. सेडानचं पोट जमिनीला जवळ, आणि साइटवर जायचं तर शेवटी बोलेरोच काढावी लागणार. शिवाय अशा गाडीची रिसेल किंमत तीन-चार वर्षांत निम्म्याच्या आसपास येते.

"मग औरंगाबादवाले येडे होते का?" दादानं विचारलं. मुद्दा बरोबर होता. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे 65 कोटींची खरेदी! आपल्या शहराकडे देशानं बघावं हा त्यामागचा फंडा होता, आणि देशानं बघितलंही. पण ते दीडशे जण होते. घाऊक सौदा केला, स्टेट बँकेकडून स्वस्त दरात कर्ज मिळवलं, आणि नाव शहराचं झालं. दादा एकटा आहे. घुग्घुसमध्ये नाव दादाचं होईल, आणि उद्या दर ठरवताना समोरचा म्हणेल, "तुम्हाला काय कमी, मर्सिडीजवाले!"

रात्री जेवताना खरा विषय निघाला. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. दादाचं घर त्या वॉर्डात नाही, पण तेव्हापासून फरशीला बारीक तडा गेला तरी वहिनी पेन्सिलनं तारीख लिहून ठेवते. तिला चंद्रपुरात प्लॉट हवाय. 30 लाखांत सुरुवात होते.

"घर खाली जाऊ शकते," दादा म्हणाला, "गाडी तर घेऊन निघता येते ना."

"निघून जायचं कुठं पण?" वहिनीनं विचारलं आणि भाकरी उलटली.

माझं मत मी सांगून टाकलं: हायक्रॉस आणि प्लॉट. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, रोज गुळगुळीत रस्त्यावर दोन तास गाडीत काढणाऱ्या माणसाला कदाचित मी उलटं सांगितलं असतं. दादानं ऐकून घेतलं, सी-क्लासचं ब्रोशर मात्र हातातून खाली ठेवलं नाही.

मी निघेपर्यंत काही ठरलं नव्हतं. रंग तेवढा ठरला होता. गाडी कुठलीही आली तरी राखाडी, म्हणजे धूळ दिसायला नको.