यकृत परत वाढतं, पण फुकट नाही

आपल्या भाषेत काळीज म्हणजे हृदयही आणि यकृतही. बकरी ईदला आमच्याकडे सगळ्यात आधी शिजते ती कलेजी, आणि लाडक्या मुलीला आपण म्हणतो काळजाचा तुकडा. दोन वर्षांपूर्वी माझ्या आपाने अब्बांना खरोखरच आपल्या यकृताचा तुकडा दिला. दारूचा थेंबही न शिवलेल्या अब्बांचं यकृत हिपॅटायटिस बीने निकामी केलं होतं.

ऑपरेशननंतर प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "अगं, ते परत वाढतं की!" वाक्य धीर देणारं होतं. पण महिनाभरातच त्याचा अर्थ बदलला. परत वाढतं, मग आपा अजून पडून का? पाण्याची कळशी का उचलत नाही? म्हणून वाढतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी वाचायला घेतलं.

पहिली गोष्ट म्हणजे काढलेला भाग पुन्हा उगवत नाही. आपाचा उजवा भाग गेला, सोबत पित्ताशयही गेलं. ती दोन्ही परत येणार नाहीत. उरलेला भागच फुगत मोठा होतो. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढून हे मोजलं होतं. उंदरात आठ-दहा दिवसांत वजन जवळपास भरून येतं. माणसात पहिले काही आठवडे वेग मोठा असतो, नंतर काम महिनोन्महिने चालतं.

आतड्यांकडून येणारं सगळं रक्त आता लहानशा उरलेल्या भागातून जातं. तो ताण हीच पहिली हाक. यकृतातल्या रक्षक पेशी इंटरल्युकिन-६ सोडतात, साठवलेला वाढीचा घटक मोकळा होतो आणि शांत बसलेल्या यकृतपेशी डीएनएची नक्कल करून विभागू लागतात. दरम्यान रक्तातली साखर खाली येऊ लागते. शरीर आपली चरबी विरघळवून यकृताकडे पाठवतं, पेशींत तिचे थेंब साठतात आणि इंधन म्हणून जळतात. अनेक दात्यांच्या रक्तातलं फॉस्फेट इतकं घसरतं की ते सलाईनमधून भरावं लागतं. आणि एवढं सगळं चालू असताना रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, विषारी द्रव्यं निस्तरणं ही रोजची कामं थांबत नाहीत. शरीराच्या मापाचं यकृत झालं की टीजीएफ-बीटासारखे संकेत ब्रेक लावतात.

म्हणजे पलंगावर पडलेली आपा रिकामी नव्हती. तिचं शरीर दिवसरात्र राबत होतं.

१९८८ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने अवयवदानाला परवानगी दिली, तेव्हा देणाऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये ही अट घातली. आमच्याकडे दानाच्या सवाबावर भरपूर बोललं जातं. त्या अटीवर फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते ती अट ऑपरेशन थिएटरच्या दारात संपत नाही. दात्याची विश्रांती, तिचा आहार, तिच्या तपासण्या, पोटावरची जखम भरेपर्यंत जड उचलू न देणं, हे सगळं त्या अटीतच येतं.

भारतात जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त असतात. बायको, आई, बहीण, लेक. त्यांनी दिलेलं परत वाढतं खरं. पण ते वाढवायला जे लागतं, ते घराने द्यायचं असतं.