खुर्ची कुणाची?

निगडीतल्या माझ्या वर्गातल्या मुली नर्स व्हायचं म्हणतात, डॉक्टर व्हायचं म्हणतात. हॉस्पिटल चालवायचं कुणीच म्हणत नाही.

डॉ. बानू कोयाजी १९४४ साली पुण्याच्या केईएममध्ये आल्या, तेव्हा तिथे ४० खाटा होत्या. त्यांच्या कारभारात त्या ५००च्या वर गेल्या. शिरूर तालुक्यातल्या वढूपर्यंत त्यांनी आरोग्यसेवा नेली. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रात्रपाळीला लेडी डॉक्टर असेल का, तपासणीच्या खोलीला पडदा असेल का, हे खुर्चीवर बसणारा ठरवतो. आपल्या घरातल्या बाईला तपासायला बाईच हवी, हा आपला आग्रह. मग दहावी झाली की मुलीचं शिक्षण का थांबवतो? त्या खुर्चीपर्यंत पोहोचायचं तरी कुणाच्या मुलीनं?