जुळ्यांतली पाडी

गोठ्यांत जुळें जन्मलें म्हणजे पेढे वाटावे कीं शांति करावी, याविषयीं घरांत क्वचितच एकमत होतें. आमची शेती शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या बाजूला. माझें माहेर दौंडकडचें, भीमेकांठचें. दोन्ही घरीं गाई आहेत, आणि दोन्ही घरीं वडील बायकांच्या तोंडून मीं एकच वाक्य ऐकत आलें आहें: 'गोऱ्ह्याबरोबरची पाडी फळत नाहीं.'

गेल्या श्रावणांत आमच्या संकरित गाईला गोऱ्हा आणि पाडी असें जुळें झालें. तेव्हां आत्येसासूबाईंनीं तें वाक्य उच्चारलें आणि ओटीवर खेळणाऱ्या जाऊबाईंच्या जुळ्या मुलांकडे पाहून सहज विचारलें, "मग आपल्या छकुलीचें कसें?" जाऊबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या रात्रीं त्या जेवल्याहि नाहींत. असा प्रश्न एकदां घरांत निघाला कीं तो मुलीच्या लग्नापर्यंत पिच्छा सोडीत नाहीं. म्हणून त्याचें नीट उत्तर मिळविणें मला अगत्याचें वाटलें.

गाईंपुरतें आत्याबाईंचें म्हणणें खरें आहे. इंग्लंडांत जॉन हंटर या शस्त्रवैद्यानें १७७९ सालीं अशा वांझ पाडीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिकडे तिला 'फ्रीमार्टिन' म्हणतात. कारण मात्र अमेरिकेंतील फ्रँक लिली यांनीं १९१६-१७ सालीं उलगडलें. गाईच्या पोटांत जुळ्यांच्या वारांतील रक्तवाहिन्या आरंभींच एकमेकींस जोडल्या जातात आणि दोघांचें रक्त एक होतें. गोऱ्ह्याचे अंतःस्राव त्या वाटेनें पाडीस पोंचतात व तिच्या गर्भाशयाची आणि बीजकोशांची वाढ खुंटते. अशा शंभर पाड्यांत नव्वदांहून अधिक वांझ निघतात. दोन्ही पाड्याच असल्या, तर हें भय नाहीं. पुढें १९४५ सालीं रे ओवेन यांनीं दाखविलें कीं, अशीं वासरें मोठेपणींहि एकमेकांच्या रक्तपेशी अंगांत बाळगून असतात. शरीर परक्या पेशींना आपलें केव्हां मानतें, या शोधाला तेथून दिशा मिळाली, आणि त्याबद्दल बर्नेट व मेडावार यांना १९६० चें नोबेल पारितोषिक लाभलें.

माणसांची गोष्ट वेगळी. बहीणभावांच्या जुळ्यांत वारा शेजारीं असल्या, प्रसंगीं चिकटल्या, तरी त्यांतील रक्तवाहिन्या सहसा जुळत नाहींत. भावाबरोबर जन्मलेली मुलगी इतर मुलींप्रमाणेंच पुढें आई होऊं शकते. हें मीं जाऊबाईंना आणि आत्याबाईंना एकत्र बसवून सांगितलें. आत्याबाई म्हणाल्या, "मग विचारलें तें बरेंच झालें." त्यांच्या मनांत वाईट नव्हतें, गोठ्यांतलें ज्ञान त्यांनीं माजघरांत आणलें होतें, इतकेंच. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक दिवसांनीं हसूं दिसलें.

हा प्रश्न आतां अनेक घरीं येईल. देशी गाईंत जुळें विरळा. होल्स्टीनसारख्या भरपूर दुधाच्या जातींत शंभर वितांत तीन ते पांच जुळीं असतात. उरुळी कांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं 'बायफ' संस्था काढिली, कृत्रिम रेतनाचा प्रसार झाला, आणि संकरित गाई आपल्या भागांत घरोघर आल्या. त्यांच्याबरोबर जुळींहि आलीं.

पाडीची कालवड होऊन ती विण्यास अडीच-तीन वर्षें लागतात. तेवढी वैरण आणि पेंड घालून ती माजावरच आली नाहीं, तर लहान शेतकऱ्याचें कंबरडें मोडतें. पशुवैद्य कांहीं आठवड्यांच्या पाडीचीहि परीक्षा करतात. वांझ पाडीचा जननमार्ग निम्म्याच लांबीचा भरतो. शंका उरल्यास रक्ततपासणी आहे.

आमच्या पाडीला शेजारच्या गांवचा एक मनुष्य चांगला दाम देत होता. मामंजींनीं त्यास प्रथमच सांगितलें, "ही गोऱ्ह्याबरोबरची आहे." सौदा मोडला. भाऊजी दोन दिवस कुरकुरले. पण तपासणीअंतीं ती वांझच ठरली, तेव्हां तेहि गप्प झाले. ती अद्याप आमच्याच दावणीला आहे, आणि तिच्या चाऱ्याचा खर्च आम्हीं सर्वांनीं वांटून घेतला आहे. वाचकांपैकीं कोणी पाडी विकत घेणार असतील, त्यांनीं दांत आणि रंग पाहण्यापूर्वीं, ती एकटी जन्मली कीं जुळ्यांत, एवढें अवश्य विचारावें. आणि विकणाऱ्यानें तें न विचारतांच सांगावें.