माळवदाखालची पहाट

१० जुलै २०२४, नांदेड

सकाळी सव्वासातच्या सुमाराला मांडणीवरची भांडी वाजली. हिंगोलीकडचा धक्का, ४.५ रिश्टर. आई अनवाणीच रस्त्यावर! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारीच्या भूकंपात, गणपती विसर्जन आटोपून झोपलेली माणसं दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. तेव्हापासून आई दाराशीच झोपते, कडी लावू देत नाही. "झालं गेलं विसरा" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. तिची ही भीती म्हणजे आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

डॉक्टरांनी शिकवलं तसं विचारलं, पायाला काय लागतंय?

"डांबर. ओलंय."

दिसतंय काय?

"तुझी चप्पल."

हळूहळू श्वास संथ झाला. अपरात्री असं झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय.