बोंबलणारा ब्रेक

पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या बाजूला जांभ्या दगडाचे मोठमोठे सडे आहेत. सडा म्हणजे सपाट माथ्याचं पठार. आमची वाडी अशाच एका सड्यावर. उन्हाळ्यात तांबडा फुफाटा, पावसाळ्यात धुकं आणि चिखल. दूध मात्र बारा महिने खाली पाटणला न्यावं लागायचं. ते काम आमचे आण्णा करायचे. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. म्हणजे कॅनसकट नव्वद-शंभर किलोचं ओझं, वर आण्णा, आणि पुढं घाटाची वळणं.

पूर्वी आमच्याकडं दूधवाल्याची गाडी म्हणजे राजदूत. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली आणि मग चार स्ट्रोकच्या शंभर सीसीच्या गाड्या हळूहळू वाड्यावस्त्यांवर दिसायला लागल्या. पेट्रोल कमी पिते म्हणून आण्णांनीही तसली एक जुनी गाडी घेतली. पुढं-मागं दोन्हीकडं ड्रम ब्रेक. त्यातला मागचा ब्रेक बोंबलायचा. आण्णा वाडीत शिरायच्या उतारावर आले की असा चिरका ‘चीं’ उठायचा की कुत्री भुंकायला लागायची. पारावरची माणसं म्हणायची, “आण्णा, चाकात कोंबडं कोंडलंय का काय?” आण्णा हसायचे. गावात दुरुस्तीचं दुकान नव्हतं आणि दुधाला खाडा चालत नव्हता. ब्रेक धरतोय ना, मग वाजू दे, असं चाललं होतं.

वाडीतल्या एका हौशी पोरानं आण्णांवर उपकार करायचं ठरवलं. सायकलची चेन वाजली की तिला तेल घालतात, हे त्याला ठाऊक होतं. रात्री त्यानं जळकं ऑईल घेतलं आणि मागच्या ड्रमच्या फटीतून चांगलं वाटीभर आत सोडलं. सकाळी गाडी निघाली ती अगदी गुपचूप. आण्णांना बरं वाटलं. थंडीनं आवाज बसला असेल म्हणाले.

तिसऱ्या वळणावर त्यांनी पाय दाबला. पॅडल खाली गेलं, पण गाडी काही आवरेना. पुढचा ब्रेक करकचून दाबावा तर रस्त्यावर खडी, चाक घसरून थेट दरीत. आण्णांनी एकेक गिअर उतरवला. इंजिन किंचाळायला लागलं, वेग थोडा तुटला, आणि त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला मातीच्या दरडीत घातली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. दोन्ही कॅन उलथले आणि तांबड्या मातीत दुधाचा ओहोळ गेला.

ते दूध आमच्या एकट्याचं नव्हतं. अकरा घरांचं होतं. दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला तेव्हा आण्णांनी गळ्यात अडकवलेल्या हातानं वही उघडून सगळ्यांचे पैसे भरून दिले. आयीनं त्या महिन्यात दुकानाची उधारी पुढं ढकलली. पोराचं नाव कळल्यावर लोक त्याला धरायला निघाले, तर आण्णा म्हणाले, “गप ऱ्हावा. त्येनं आवाज बंद कराय तेल घातलं, बिरेक बंद कराय न्हाई.”

गाडी टेम्पोत घालून पाटणच्या मेस्त्रींकडं नेली तेव्हा मी नववीत होतो. मेस्त्रींनी चाक खोललं. ब्रेक शूचे लायनर तेलानं काळे चिकट झाले होते. अजून पुष्कळ जाड होते, तरी त्यांनी ते बाजूला फेकले. मी विचारलं, “पेट्रोलनं धुवून चालणार न्हाईत?” ते म्हणाले, “वरनं सुकत्यात रं. तापल्यावर आतलं त्याल पुन्ना भाईर येतं. बिरेक म्हंजी घासणं. घासू दिलं न्हाईस तर गाडी थांबंल कशानं?”

त्या दुपारी त्यांनी मला आवाज वाचायला शिकवलं. सकाळी पहिल्या दोन-चार वेळा ‘चीं’ झालं आणि मग थांबलं, तर ती दवाची करामत. रात्रीत ड्रमला बारीक गंज धरतो, तो घासून जातो. दिवसभर चिरकत राहिलं, तर आत धूळ साठलीय किंवा लायनर तापून तापून काचेसारखा गुळगुळीत झालाय. अशा वेळी चाक खोलावं, ड्रम ओल्या फडक्यानं पुसावा, लायनर पॉलिश पेपरनं हलका खरवडावा आणि त्याच्या कडा जरा तिरक्या घासाव्यात. ग्रीस लावायचं ते फक्त शू उघडणाऱ्या कॅमला आणि खुंटीला, तेही बोटाला लागेल एवढंच. ‘चीं’ जाऊन ‘खर्र’ आलं, तर मात्र गाडी जागेवर उभी करायची. लायनर संपलाय आणि लोखंड लोखंडाला खातंय. लायनर दोन मिलिमीटरवर आला की बदलायचा, खर्रची वाट बघायची नाही.

आतली धूळ मेस्त्री कधी तोंडानं फुंकत नसत. त्या काळी बऱ्याच लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसाचा घात करते. शेजारच्या दुकानातली पोरं मात्र फू करून ड्रम साफ करायची.

मनगट जुळल्यावर आण्णा पुन्हा दूध न्यायला लागले. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची पद्धत आमच्याकडं अजून आहे. आण्णांनी ती कधीच केली नाही. चढाला जो गिअर लागतो, उताराला तोच टाकायचा, म्हणजे निम्मं ओझं इंजिन धरतं. ओढ्यातून चाक भिजून आलं की पुढं थोडं अंतर ब्रेक हलका दाबून ते वाळवायचे. ओला ब्रेक लगेच धरत नाही.

आता पुतण्याकडं गाडी आहे, तिला डिस्क ब्रेक आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाकांचा जोडब्रेक तरी. मोठी सोय झाली. पण चाक अडकून घसरू न देणं एवढंच एबीएसचं काम. पॅड तेलकट असेल तर त्याला धरायला लावणं त्याच्याही हातात नाही. गेल्या पावसाळ्यात पुतण्याची डिस्क चिरकायला लागली. दुकानातून चकाकी आणणारा स्प्रे घेऊन तो चाकापाशी बसलेला दिसला. मी त्याला आण्णांचं मनगट दाखवलं. हाड जुळलंय, पण हात अजून थोडा वाकडाच वळतो. आण्णांनीच त्याला आवाजाची सगळी हकिगत सांगितली. मग दोघांनी मिळून पॅड काढले. त्यात बारीक खडी रुतली होती. ती टोकरून काढली, डिस्क साबणाच्या पाण्यानं धुतली.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतण्या बॅटरी घेऊन चाकाशी उकिडवा बसतो आणि अंगणातून ओरडतो, “आण्णा, अजून दोन मिलिमीटरच्या वर हाय.” आण्णा ओसरीवरनं विचारतात, “आन् मागचा?”